आधी खुर्ची की आधी संडास? खानदेशातल्या एका व्हीलचेअर बॅडमिंटनपटूचं प्रकरण

अपंग खेळाडूवर लिहिताना जिद्द, पदक, हारतुरे एवढंच बहुतेक वेळा लिहिलं जातं. खेळाडूचं करिअर मात्र पुष्कळदा कोर्टाबाहेरच्या निर्णयांवर उभं राहतं नाहीतर अडतं. पैसा कशावर आधी खर्च झाला, डॉक्टरला कधी दाखवलं, वर्गीकरणाचा कागद कोणी नीट वाचला, यावर सगळं ठरतं. हे प्रकरण त्यासाठी मांडतोय. मी या भागात फिजिओथेरपिस्ट आहे आणि या खेळाडूचं पुनर्वसन व नंतरचा खेळ दोन्ही जवळून पाहिलंय. तिच्या आणि घरच्यांच्या परवानगीनं लिहितोय. नाव, गाव, वर्षं देत नाही, ओळख पटेल असे एक-दोन तपशीलही बदलले आहेत. हॉलमधली पोरं तिला ताई म्हणतात, तेच इथं वापरतो.

पार्श्वभूमी

अमळनेर-पारोळा पट्ट्यातलं कोरडवाहू गाव. घरी कापूस, थोडी ज्वारी, दोन म्हशी. ताई बारावीत असताना कापूस भरलेल्या ट्रॉलीवरून खाली पडली. छातीचा बारावा आणि कमरेचा पहिला मणका, या सांध्यावर मार बसला आणि मज्जारज्जू दुखावला. धुळ्याला ऑपरेशन झालं, पट्ट्या-स्क्रू बसले. दोन्ही पायांची ताकद गेली ती परत आली नाही. लघवीवरचा ताबाही गेला, त्यामुळे दर चार ते सहा तासांनी स्वतः नळी घालून लघवी काढावी लागते. पोटाचे स्नायू मात्र चांगले राहिले. हा तपशील पुढं फार महत्त्वाचा ठरला.

पहिलं दीड-दोन वर्ष घरातच गेलं. माझ्याकडे आली तेव्हा सरकारी शिबिरात मिळालेली घडीची खुर्ची होती, जड आणि तिच्या मापापेक्षा रुंद. शाळेत असताना ती अंगणात बॅडमिंटन खेळायची. तालुक्याच्या गावी एका हॉलमध्ये शिकवणाऱ्या सरांनी "आणा तिला, बघू" म्हटलं आणि सुरुवात झाली. आईचा पहिला प्रश्न होता, "खुर्चीवर बशीसन कोन खेळस व माय?"

खेळ नेमका कसा असतो

हे थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढचे निर्णय यावरच अवलंबून आहेत.

पूर्ण बॅडमिंटन कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ६.१० मीटर रुंद. व्हीलचेअर एकेरी अर्ध्या कोर्टावर होते, म्हणजे रुंदी ३.०५ मीटर. जाळी आणि शॉर्ट सर्व्हिस लाइन यांमधला १.९८ मीटरचा पट्टा बाद धरतात, तिथं शटल पडलं तर आउट. म्हणजे खेळाडूच्या वाट्याला ३.०५ बाय ४.७२ मीटरची जागा येते. जाळी मात्र उभ्या खेळाडूंची तीच, मध्ये १.५२४ मीटर. बसलेल्या माणसाला ती फार उंच वाटते, म्हणून खेळ आधी मागच्या टोकापर्यंत उंच फटका (क्लिअर) आणि मग अचानक पुढं हळूच टाकलेलं शटल (ड्रॉप) असा चालतो. खुर्ची आडवी सरकत नाही. त्यामुळे खेळाडू सतत पुढं-मागं, पुढं-मागं करतो, आणि मागं जाताना नजर वर शटलवर ठेवून हातात रॅकेट धरूनच चाकाची रिम ढकलतो. शटल मारताना धडाचा काही भाग आसनाला टेकलेला हवा, पाय पायदानावर हवेत, जमिनीला लागले की फॉल्ट.

व्हीलचेअरचे दोन वर्ग. डब्ल्यूएच-१ मध्ये पायांबरोबर धडाचं नियंत्रणही कमी असलेले खेळाडू येतात. डब्ल्यूएच-२ मध्ये पाय गेलेले पण धड चांगलं किंवा जवळपास चांगलं असलेले. दुहेरीत दोघांच्या वर्गाच्या अंकांची बेरीज ३ च्या वर जाता कामा नये. म्हणजे एक आणि दोन चालतात, एक आणि एक चालतात, दोन आणि दोन चालत नाहीत.

पॅरा-बॅडमिंटन पॅरालिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं ते टोकियोला, २०२१ मध्ये. तिथं भारताला चार पदकं मिळाली, पॅरिसला २०२४ मध्ये पाच. प्रमोद भगत, कृष्णा नागर, सुहास यथिराज, मनोज सरकार, नितेश कुमार, तुलसीमती, मनीषा, नित्या, सगळे उभ्यानं खेळणाऱ्या वर्गांतले. व्हीलचेअरमधून एकही पदक नाही. मला वाटतं यात गुणवत्तेचा प्रश्न कमी आणि खर्चाचा जास्त आहे. उभ्या खेळाडूला रॅकेट आणि बूट लागतात. व्हीलचेअरवरच्या खेळाडूला त्याआधी खुर्ची लागते, ती ठेवायला जागा, न्यायला गाडी आणि आत शिरता येईल असा संडास लागतो.

पहिला टप्पा: मॅट आणि खुर्ची

हॉलच्या समितीची पहिली हरकत मॅटवर होती. चाकानं मॅट फाटेल, पन्हाळी पडतील. हरकत अगदीच बिनबुडाची नव्हती, घडीच्या खुर्चीची पुढची कडक चाकं खरंच वळ उठवतात. सरांनी तोडगा काढला: कडेच्या कोर्टावरची मॅट गुंडाळून खालच्या लाकडी फ्लोअरवर खेळायचं. ताईला उलट बरंच झालं, मॅटवर चाकं रुततात, लाकडावर हलकी फिरतात. याच हॉलमध्ये तिला दुसरी मुलगी भेटली, अपघातात एक पाय मांडीतून गेलेली. दोघी रोज एकमेकींविरुद्ध अर्ध्या कोर्टावर आणि शनिवार-रविवार जोडी म्हणून खेळू लागल्या. पुढं ही जोडी मोडली, त्याकडे येतोच.

घडीच्या खुर्चीवर खेळ काही महिन्यांतच अडला. वळताना ती कलंडायची. खेळाच्या खुर्चीची चाकं खालच्या बाजूला बाहेर पसरलेली असतात, साधारण १५ ते २० अंश, आणि मागं छोटं आधारचाक असतं, त्यामुळे मागं झुकून उंच शटल मारता येतं. परदेशी खुर्ची काही लाखांत जात होती. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, पण लहान गावाचं उत्पन्नच किती? त्यातून जे मिळालं त्यात रॅकेटी आणि शटलचे डबे झाले.

दोन पर्याय होते. वर्षभर थांबून देणगी गोळा करायची आणि तयार खुर्ची मागवायची, किंवा जळगावच्या एमआयडीसीत वेल्डिंगवाल्याकडून बनवून घ्यायची. भावानं दुसरा धरला. कारागीर हुशार होता, पण अशी खुर्ची त्यानं कधी पाहिलीही नव्हती. फोटोवरून बनवली. दिसायला झकास झाली, ढकलायला मात्र विलक्षण जड. महिनाभर सगळे म्हणत होते, सवय नाही म्हणून जड वाटते. शेवटी सरांनी खुर्ची सपाट फरशीवर ठेवून, आसाच्या उंचीवर, दोन्ही चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून टेपनं मोजलं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा बोटभर कमी निघालं. चाकं तिरपी करताना आसाची नळी किंचित फिरली की असं होतं, दोन्ही चाकं समांतर न राहता आतल्या बाजूला ओढतात आणि खेळाडू सगळा वेळ स्वतःच्याच चाकांशी झगडत राहतो. कारागिरानं नळी सोडवून, फिरवून पुन्हा पक्की केली. तासाभराचं काम होतं. तोवर ताईच्या उजव्या खांद्याला सूज आली होती.

खुर्ची स्थानिक बनवण्याचा निर्णय मला आजही योग्य वाटतो. एक वर्ष वाचलं, बिघाड झाला की दुरुस्ती दारात. चुकलं एवढंच की तिला चालवायच्या आधी कोणी मोजलं नाही. आसनही फोटोवरून केलं, ताईच्या अंगावरून माप घेतलं नाही.

अडचण: दारापासून जखमेपर्यंत

हॉलच्या संडासाचं दार दोन फुटी आणि समोर एक पायरी. ताईची रोजची खुर्ची आत जात नव्हती. यावर कोणाशी बोलायचं तिला संकोच वाटला, आणि विचारायचं कोणाला सुचलं नाही. जोडीदार मुलगी सोडली तर हॉलमध्ये सगळे पुरुष, सोबत भाऊ. तिनं आपल्यापुरता उपाय काढला: दुपारनंतर पाणी बंद. सरावाला घरून तीनला निघायची, परत यायला रात्रीचे नऊ.

खानदेशातला एप्रिल-मे ज्यानं काढलाय त्याला याचा अर्थ कळेल. पारा ४३-४४ ला असतो, काही दिवस ४५ च्या पुढं. वर पत्रा, आणि शटल वाऱ्यानं हलतं म्हणून पंखे बंद. उन्हाळ्यात हवा विरळ होऊन शटल लांब जातं, म्हणून सर ७७ ऐवजी ७६ नंबरचं, हळू जाणारं शटल आणायचे. शटलची एवढी काळजी घेणाऱ्या त्या हॉलमध्ये खेळाडू सहा तास पाण्याशिवाय होती, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

पाणी कमी, नळी उशिरा, त्यामुळे लघवीत जंतुसंसर्ग. थंडी-ताप, औषध, बरं वाटलं की पुन्हा सराव, पुन्हा ताप. भूक गेली, वजन उतरलं, रक्त कमी भरलं. वजन उतरलं की बसायच्या हाडांवरचं मांस कमी होतं. खेळाच्या खुर्चीत तिनं पातळ फोम ठेवला होता, कारण जाड उशीवर अंग डुगडुगतं आणि फटका बसत नाही. आसन मागं उतरतं असल्यानं प्रत्येक झुकण्यात कातडी घासायची, घामानं ओली राहायची. तिथं संवेदना नाही, दुखणार कसं? राष्ट्रीय स्पर्धेला जेमतेम दोन महिने असताना आईला अंघोळीच्या वेळी डाव्या बाजूला रुपयाएवढा लाल डाग दिसला, बोटानं दाबूनही पांढरा न पडणारा. त्यावर तिनं अजून एक आठवडा सराव केला. मग कातडी फाटली.

त्याच हंगामात आणखी दोन गोष्टी

पहिली वर्गीकरणाची. जखमेच्या आधी, एका निवड स्पर्धेत ताई आणि तिची जोडीदार दोघींची तपासणी झाली. सगळे धरून चालले होते की ताईचे दोन्ही पाय पूर्ण गेलेत म्हणजे ती डब्ल्यूएच-१. तपासणाऱ्यांनी तिला आडवं-उभं वाकायला लावलं, हात न टेकता पुढं झुकून परत यायला लावलं, मग कोर्टावर खेळताना पाहिलं. पोटाचे स्नायू चांगले, म्हणून डब्ल्यूएच-२. जोडीदारही डब्ल्यूएच-२. दोन आणि दोन चार, जोडी बाद. रोज ज्या मुलीबरोबर ती घडली, ती आता एकेरीत तिची थेट प्रतिस्पर्धी.

दुसरी गोष्ट नोकरीची. दिव्यांगांच्या ४ टक्के आरक्षणातून ताईनं परीक्षा दिली होती. कनिष्ठ सहायक म्हणून नेमणुकीचं पत्र आलं ते ती पालथी झोपून जखम भरायची वाट पाहत होती तेव्हा.

समोर असलेले पर्याय

घरात, हॉलमध्ये, माझ्या दवाखान्यात यावर बराच खल झाला.

वर्गीकरणाविरुद्ध दाद मागता येते, त्याची फी आणि मुदत असते. मी तपासणीचे निष्कर्ष वाचले, ते बरोबर होते. दाद मागून निकाल बदलेल असं वैद्यकीय कारण नव्हतं. याच वेळी एका अनुभवी माणसानं भावाला बाजूला घेऊन सांगितलं, पुढच्या तपासणीला पोट ढिलं सोडायला सांगा, हात टेकूनच उठायचं, डब्ल्यूएच-१ वर्ग मिळून जाईल. भाऊ चलबिचल झाला. त्याच्या जागी असतं तर कोणीही झालं असतं, घराचे इतके पैसे आणि वर्षं लागली होती. ताईनं ऐकूनच घेतलं नाही. जाणूनबुजून क्षमता लपवणं हा पॅरा खेळात गंभीर गुन्हा आहे, बंदी येते, हे मी तिला सांगायच्या आधीच ती म्हणाली की ज्या पोरीचं खरंच पोट चालत नाही तिची जागा मी कशी घेऊ? हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत स्वच्छ निर्णय, आणि तो तिचा एकटीचा.

स्पर्धेला तसंच जायचं का? जखमेवर ड्रेसिंग करून, जाड उशी घेऊन. सरांना मनातून ते हवं होतं. दोन वर्षांची तयारी होती. मी ठाम नाही म्हटलं. उघडी जखम हाडापर्यंत गेली तर वर्ष जातं, कधी जीवही जातो.

मोठ्या शहरातल्या केंद्रात जाऊन पूर्णवेळ सराव करायचा हा पर्याय खेळाच्या बाजूनं सर्वोत्तम होता. चांगले कोर्ट, डब्ल्यूएच-१ जोडीदार मिळण्याची शक्यता, सोबत खेळणारे अनेक. पण राहण्या-जेवणाचा खर्च घरानं उचलायचा, आणि पदक आल्यावर मिळणाऱ्या मदतीच्या भरवशावर आज कर्ज काढायचं. नाना, तिचे वडील, एवढंच म्हणाले, "तू तठे जाईसन आजारी पडनी तर कोन शे?" त्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडे उत्तर नव्हतं.

शेवटचा पर्याय नोकरी घ्यायची आणि जमेल तसं खेळायचं. सरांच्या मते याचा अर्थ खेळ संपला.

काय केलं

स्पर्धा सोडली. सुमारे दोन महिने ताई जवळपास पालथीच होती, जेवण-अभ्यास सगळं छातीखाली उशी घेऊन. अंडी, डाळ, शेंगदाण्याचं कूट, रक्तवाढीच्या गोळ्या. रुजू व्हायला वैद्यकीय कारणावर मुदत मागितली, ती मिळाली. नोकरी धरायचं ठरलं.

जखम भरल्यावर मी परत खेळायला तीन अटी घातल्या. आसन अंगावरून माप घेऊन नव्यानं करायचं आणि हवेच्या गादीवर पट्ट्यानं मांड्या बांधून स्थिरता आणायची. दर गेमनंतर पुढं पूर्ण वाकून हाडांवरचा भार काढायचा, आणि रोज रात्री आरशात कातडी बघायची. तिसरी अट हॉलच्या संडासाची. समितीच्या बैठकीत मी आणि सरांनी तो विषय ताईच्या वतीनं मांडला. तीन फुटी दार, पायरीच्या जागी उतार, आत एक धरायची दांडी. गवंड्याचं दोन दिवसांचं काम निघालं, आणि खर्च तिच्या शटलच्या वर्षभराच्या खर्चापेक्षा कमी आला. समितीनं विनातक्रार केलं. आधी कोणी मागितलंच नव्हतं.

जोडीदाराचा प्रश्न सरांनी फोनाफोनी करून सोडवला. दुसऱ्या जिल्ह्यातली एक डब्ल्यूएच-१ खेळाडू मिळाली. दोघी स्पर्धेच्या आधी चार-सहा दिवस एकत्र येतात, तेवढाच सराव. प्रवास रेल्वेनं. सोबत्याशिवाय प्रवास न करू शकणाऱ्या अपंग प्रवाशाला आणि सोबत्याला स्लीपरमध्ये ७५ टक्के सवलत मिळते, तिचा मोठा आधार होतो. दोन खुर्च्या डब्यात चढवायच्या म्हणजे काय, ते मात्र भावालाच विचारावं.

निकाल

नोकरीत ती स्थिर आहे. पगारातून तिनं स्वतः नवी खुर्ची घेतली, यावेळी मापाची. राज्य पातळीवर दुहेरीत पदक आलं, राष्ट्रीय स्पर्धेत जोडी उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली. एकेरीत ती आता जुन्या जोडीदाराकडून बहुतेक वेळा हरते. त्या मुलीला नोकरीचं बंधन नाही, ती सकाळ-संध्याकाळ खेळते आणि खरोखर पुढं गेलीय. दोघी अजून एकमेकींना सराव देतात. पहिले काही महिने बोलणं कमी झालं होतं, ते मी पाहिलंय. ते आपोआप सुधारलं असं म्हणणार नाही, सरांनी मुद्दाम दोघींना एकत्र लहान मुलांची बॅच शिकवायला दिली.

आंतरराष्ट्रीय स्पर्धा तिला अजून मिळालेली नाही. केंद्रात गेली असती तर मिळाली असती का? कदाचित. त्या हंगामाच्या आजारपणासह गेली असती तर, मला वाटतं, सहा महिन्यांत परत आली असती आणि नोकरीही गेलेली असती. जंतुसंसर्ग पूर्ण थांबलेला नाही, पण वर्षाला एखाद्या वेळेवर आला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम. पैसा आणि लक्ष ज्या क्रमानं गेलं तो असा: रॅकेट, शटल, खुर्ची, प्रवास, शेवटी संडास. असायला हवा होता बरोबर उलटा. मज्जारज्जूची इजा असलेली मुलगी हॉलमध्ये आली की पहिल्या दिवशी विचारायचं, लघवीला कुठं जाशील, पाणी किती पितेस. हे विचारायला बाई असली तर उत्तम. आता हॉलमध्ये एका खेळाडूची आई ते काम करते, आणि नव्यानं आलेल्या दोन मुलांच्या बाबतीतही तीच पहिल्यांदा बोलली.

वर्गीकरण आधी समजून घ्यायला हवं होतं. पोटाचे स्नायू चांगले आहेत हे माझ्या कागदांवर पहिल्या दिवसापासून होतं. सर आणि फिजिओ एकदा अर्धा तास बसले असते तर डब्ल्यूएच-२ लागणार हा अंदाज दोन वर्षं आधी आला असता, आणि दोघींनी जोडी म्हणून वाढण्याऐवजी सुरुवातीपासून वेगवेगळे जोडीदार शोधले असते.

लाल डाग दिसला त्या दिवशी थांबलं असतं तर आठ-दहा दिवसांत कातडी सावरली असती आणि कदाचित स्पर्धाही झाली असती. आईनं पाहिलं, सांगितलं, पण हे खेळ थांबवायचं कारण आहे हे घरात कोणाला माहीत नव्हतं. पुनर्वसनाच्या वेळी हे आईला आणि भावाला वेगळं बसवून, दाबून दाखवून शिकवावं लागतं, चिठ्ठीवर लिहून भागत नाही.

नोकरीच्या बाबतीत सरांचं आणि माझं अजून एकमत नाही. त्यांच्या मते दोन वर्षं मुदतीची शिष्यवृत्ती, निवास आणि एक सोबती एवढं जिल्ह्यातून उभं राहिलं असतं, तर तिला निवड करावीच लागली नसती. हे मला पटतं. पण त्या दिवशी ते समोर नव्हतं, आणि समोर जे होतं त्यातून तिनं योग्य निवडलं असं मी मानतो. सध्या सर त्या निधीसाठी जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांकडे फिरताहेत. जुन्या जोडीदाराला पुढच्या हंगामात केंद्रात पाठवायचं त्यांच्या मनात आहे, आणि तिच्यासाठीही डब्ल्यूएच-१ जोडीदार हवीच आहे. धुळे, नंदुरबार, जळगाव या तिन्ही जिल्ह्यांत मणक्याच्या इजेनंतर घरात बसलेल्या मुली आहेत, माझ्याच नोंदवहीत काही आहेत. त्यांच्या घरी जायला ताईनं सुरुवात केली आहे.